घड्याळाचा तिसरा काटा

माझ्या लेकीला चष्मा लागला तेव्हा ती आठ वर्षांची होती. दुकानातून चष्मा घालूनच घरी आली. दारात चपला काढताना तिची नजर स्वयंपाकघराच्या चौकटीवरच्या घड्याळाकडे गेली आणि एक चप्पल पायात तशीच ठेवून ती थबकली. "आई, आपल्या घड्याळाला तिसरा काटा आहे!"

ते घड्याळ तिच्या जन्माआधीपासून त्याच खिळ्यावर आहे. त्यातला बारीक लाल सेकंदकाटा तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. पाठ्यपुस्तकातल्या घड्याळाला तीन काटे असतात हे तिला माहीत होतं. घरच्या घड्याळांना दोनच असतात, अशी तिची समजूत होती. त्यात विचारण्यासारखं तिला काही वाटलंच नव्हतं.

त्या रात्री मी मागचं वर्ष आठवत बसले. आठवली ती माझीच वाक्यं. टीव्हीला नाक लावून बसू नकोस. वहीत डोकं घालून लिहू नकोस, पोक येईल. फळ्यावर २८ होते, तू २३ कसे उतरवलेस, लक्ष कुठे असतं? समोरून काकू गेल्या, साधं हसलीही नाहीस? बाई म्हणतात शेजारणीच्या वहीत बघतेस, खरं का? एवढा सोपा कॅच सुटलाच कसा? यातल्या प्रत्येक वाक्यात एक लक्षण होतं. मी ते रोज तिला ऐकवत होते, स्वतः मात्र ऐकत नव्हते.

मुलांचा लांबचा नंबर वेळेवर ओळखायचा असेल तर आधी आपण त्यांना कशाबद्दल रागावतो ते तपासावं, असं माझं आता ठाम मत आहे. कारण मूल तक्रार करत नाही. ज्याने स्वच्छ जग पाहिलेलंच नाही किंवा ज्याचं जग महिन्यामहिन्याने, नकळत पुसट होत गेलं, त्याला आपल्याला कमी दिसतं हे कळणार कसं? सगळ्यांना असंच दिसतं, असं ते धरून चालतं. शिवाय जवळचं त्याला उत्तम दिसत असतं. गोष्टीचं पुस्तक ते धडाधड वाचतं, सुईत दोरा ओवून देतं, तांदळातला खडा आजीच्या आधी शोधतं. "डोळे चांगलेच तीक्ष्ण आहेत हो हिचे," असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. त्यांचंही चुकत नव्हतं. हाताच्या अंतरावर ते तीक्ष्णच होते.

खरं तर मला कळायला हवं होतं. माझा स्वतःचा नंबर उणे साडेपाच आहे. चौथीत असताना मी वर्गात सगळ्यांत उंच होते, म्हणून शेवटच्या बाकावर. फळ्यावरचं दिसायचं नाही, मग मी खिडकीबाहेर बघायची आणि प्रगतिपुस्तकात 'एकाग्रतेचा अभाव' असा शेरा यायचा. सातवीत गेल्यावर कुणीतरी डोळे तपासले. मधली तीन वर्षं मी स्वतःला 'ढ' समजत होते. ते ओझं चष्म्याच्या काचेपेक्षा जड होतं आणि ते उतरायला बरीच वर्षं लागली. तरीही माझ्याच घरात तेच घडलं, म्हणून हा लेख लिहायला घेतला. शाळेतल्या तपासण्या पाहिल्या, डॉक्टरांशी बोलले, संशोधन वाचलं.

दूरचं धूसर दिसण्याला शाळेच्या पुस्तकात निकटदृष्टिता किंवा लघुदृष्टी म्हणतात. घरात आपण 'लांबचा नंबर' म्हणतो. पुस्तकातल्या शब्दात काय दिसतं ते आहे, घरातल्या शब्दात काय दिसत नाही ते. नवजात बाळाचा डोळा पुढून मागे साधारण १६ ते १७ मिलिमीटर असतो आणि मोठ्या माणसाचा सुमारे २४. बाळाच्या अंगाबरोबर डोळाही वाढतो आणि वाढता वाढता भिंग आणि डोळ्याच्या मागचा पडदा यांचं अंतर जुळवून घेतो. काही मुलांत हा गोळा थांबायच्या ठिकाणी थांबत नाही, लांबतच जातो. मग दूरच्या वस्तूची प्रतिमा पडद्यावर न पडता त्याच्या पुढेच पडते. लांबी एका मिलिमीटरने जास्त झाली तर नंबर ढोबळमानाने अडीच ते तीनने वाढतो. आत वळलेल्या काचेने हे का सुधारतं, याचा उलगडा योहानेस केप्लरने १६०४ साली केला. ग्रहांच्या कक्षा मांडणारा तोच केप्लर. उंची जशी वाढली की कमी होत नाही, तशी डोळ्याची वाढलेली लांबीही मागे फिरत नाही. म्हणून नंबर 'घालवण्या'चे दावे करणाऱ्यांपासून दूर राहावं आणि लक्षण लवकर ओळखण्याला एवढं महत्त्व द्यावं.

नंबरचा अर्थ पालकांना घरच्या मापात सांगितला तर पटकन कळतो. उणे एक म्हणजे एक मीटरपर्यंत, सव्वातीन फुटांपर्यंत स्वच्छ, पुढे धूसर. उणे दोन म्हणजे अर्धा मीटर. उणे चार असेल तर जग वीतभर अंतराच्या जरा पुढे संपतं. ताटातली भाजी दिसते, समोर बसलेल्या बाबांच्या चेहऱ्यावरचे भाव नाहीत. अशा मुलाला आपण 'घुमा' म्हणतो.

आता डोळे किलकिले करण्याविषयी. सगळ्यांत बोलकं लक्षण हेच. पापण्या जवळ आणल्या की डोळ्यात शिरणारा प्रकाश अरुंद फटीतून येतो, बाजूचे पसरट किरण अडतात आणि प्रतिमा थोडी रेखीव होते. हाताची मूठ सैल करून तिच्या बारीक भोकातून चष्मेवाल्या माणसाने लांबची पाटी वाचून पाहावी, तोच परिणाम मिळेल. मुलाला हे कुणी शिकवत नाही, त्याचं त्यालाच सापडतं. पण आपण म्हणतो, "असे डोळे बारीक करू नकोस, सवय लागेल." माझ्या लेकीच्या वाढदिवसाच्या फोटोंत ती कॅमेऱ्याकडे बघताना कपाळाला आठ्या घालून, डोळे बारीक करून उभी आहे. तीन वर्षांच्या फोटोंत. आम्ही ते 'उन्हामुळे' म्हणून सोडून दिलं होतं. एक फोटो तर हॉलमधला आहे.

टीव्हीजवळ बसणं हे तसं फसवं लक्षण आहे. चांगली नजर असलेली मुलंही सवयीने पडद्याला चिकटतात. फरक ओळखायचा तर मुलाला दहा फूट मागे बसवावं आणि क्रिकेट चालू असताना कोपऱ्यातला स्कोअर सहज विचारावा. चांगली नजर असलेलं मूल कंटाळून सांगेल. नंबर असलेलं मूल पुढे सरकेल, मान तिरपी करेल, किंवा "मला काय माहीत" म्हणून उठून जाईल. डोकं दुखणं, डोळे चोळणं, पाणी येणं याही गोष्टी यादीत असतात. पण त्या ॲलर्जीने, झोपेअभावी, दुसऱ्याच प्रकारच्या नंबरानेही होतात. त्या दिसल्या तर तपासणी करावीच, पण त्या नाहीत म्हणून निर्धास्त राहू नये. माझ्या मुलीचं डोकं एकदाही दुखलं नव्हतं.

संध्याकाळ हीदेखील पारखायची वेळ. उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते आणि धूसरपणा वाढतो. दुपारी ठीक खेळणारं मूल सातच्या सुमारास चेंडू हरवू लागतं, जिना उतरताना कठडा धरतं, येणाऱ्या बसचा क्रमांक अगदी थांब्यावर आल्यावर सांगतं. खेळात मागे पडलेलं मूल हळूहळू खेळायला जाणंच सोडतं आणि घरात पुस्तक किंवा मोबाइल घेऊन बसतं. आणि पुढे बघू तसं, नंबर यायला आणि वाढायला पोषक परिस्थिती नेमकी तीच.

याहून लपून राहणारा प्रकार म्हणजे एकाच डोळ्याला नंबर. दुसरा डोळा सगळं काम निभावतो. मूल फळ्यावरचं वाचतं, कॅच पकडतं, कसलंच लक्षण दिसत नाही. फार तर ते एका बाजूला मान कलती ठेवतं. दोन्ही डोळ्यांच्या नंबरात मोठी तफावत राहिली तर मेंदू कमजोर डोळ्याकडून येणारं चित्र बाजूला सारायला शिकतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. त्यावरचे उपाय सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाले तर सर्वांत चांगले लागू पडतात, नंतर कठीण जातं. म्हणून घरी नजर पाहायची तर एकेक डोळा झाकूनच पाहावी. दोन्ही उघडे ठेवून पाहिली तर काहीच कळत नाही.

मुलांच्या डोळ्यांच्या तपासणीची व्यवस्था आपल्याकडे नाही असं नाही. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ सालचा. त्यात शाळेतली नेत्रतपासणी आणि गरजू मुलांना मोफत चष्मे आहेत. पुढे ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तो आपल्या पालघरहून. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. या कार्यक्रमाची फिरती पथकं अंगणवाडीत आणि शाळेत येऊन जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात, त्यात नजरही असते.

अशी एक तपासणी मी एका शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून पाहिली. भिंतीवर तक्ता, त्यापासून मोजून सहा मीटरवर फरशीवर खडूची रेघ. अक्षरांचा हा तक्ता हेर्मान स्नेलन या डच डॉक्टरांनी १८६२ साली बनवला. '६/६' याचा उगम तिथेच: सहा मीटरवरून जे दिसायला हवं ते सहा मीटरवरून दिसतं. '६/१२' म्हणजे इतरांना बारा मीटरवरून दिसणारं याला सहावर यावं लागतं. ज्यांना अक्षरं येत नाहीत त्यांच्यासाठी इंग्रजी ई वेगवेगळ्या दिशांना वळवलेला तक्ता. मूल तीन बोटं तशी वळवून दाखवतं.

पाऊण तासात लक्षात आलं की मुलं हा तक्ता एखाद्या परीक्षेसारखा देतात. रांगेत मागे उभी असलेली पोरं पुढच्यांचं ऐकून शेवटची ओळ पाठ करत होती. एक मुलगा तळहाताने डोळा झाकून बोटांच्या फटीतून त्याच डोळ्याने बघत होता. आणि एक छोटी मुलगी दर ओळीला पाऊल पुढे टाकत रेघेच्या वीतभर अलीकडे आली. तिला कुणी "मागे हो" म्हटलं की ती मागे जायची आणि गप्प व्हायची. पथकातल्या ताईंनी तिला वेगळं बोलावलं, वाटीसारखा झाकणारा चमचा तिच्या हातात दिला, तक्त्याची दुसरी बाजू लावली आणि "चुकलं तरी चालेल गं, ही परीक्षा नाही," असं सांगून पुन्हा पाहिलं. उजव्या डोळ्याने वरच्या दोन ओळी, डाव्याने तीन. नोंदवहीत तिच्या नावापुढे खूण झाली. त्या ताईंनी दिलेली ती चार मिनिटं मी विसरणार नाही. दिवसाला शेकडो मुलं असताना प्रत्येकाला चार मिनिटं देणं अवघड आहे, हेही दिसत होतं. म्हणून 'शाळेत तपासलंय की' यावर पालकांनी थांबू नये. शाळेची तपासणी चाळणी आहे, निदान नव्हे.

निदानासाठी डोळ्यात थेंब घालून तपासणी लागते. लहान मुलाचं भिंग फार लवचीक असतं. मशीनमध्ये बघताना त्याच्याभोवतीचे स्नायू आवळले जातात आणि नसलेला नंबर दिसू शकतो किंवा असलेला फुगून दिसतो. थेंबांनी ते स्नायू सैल होतात आणि खरा आकडा हाती येतो. काही तास बाहुली मोठी राहते, उजेड टोचतो, गृहपाठ बुडतो. मुलाने थेंबांना रडणं आणि आईबापांनी "कॉम्प्युटरवरच करून द्या ना" म्हणणं हे दवाखान्यात सर्रास दिसतं. तेवढा अर्धा दिवस द्यावा. चुकीच्या नंबराचा चष्मा मूल वर्षभर घालतं.

त्या थेंबांनंतर आणखी एक गोष्ट कळते आणि ती पालकांपर्यंत क्वचित पोहोचते. सहा वर्षांच्या निरोगी मुलाचा नंबर शून्य नसतो, तो थोडा 'अधिक'च्या (प्लसच्या) बाजूला असतो. पुढच्या वाढीसाठी निसर्गाने दिलेली ती बेगमी असते. डोळा लांबत जातो तशी ती खर्च होते. पहिलीतल्या मुलाची बेगमी अधिक पाऊणच्या खाली असेल तर त्याला पुढे लांबचा नंबर लागण्याचा धोका वाढतो, असं अमेरिकेतल्या मुलांच्या दीर्घ पाहणीतून २०१५ मध्ये समोर आलं. म्हणजे कागदावर 'चष्म्याची गरज नाही' असं आलं तरी आकडा विचारून घ्यावा. सहाव्या वर्षी शून्य म्हणजे कणगी रिकामी होत आली आहे. आईबाबांपैकी एकाला लांबचा चष्मा असेल तर जोखीम वाढते, दोघांना असेल तर आणखी. आमच्या घरी दोघांनाही आहे.

पण सगळं आनुवंशिकतेवर ढकलता येत नाही. दिल्लीतल्या शाळकरी मुलांत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लांबचा नंबर ७.४ टक्के मुलांना होता. एम्सच्या डॉक्टरांनी सुमारे १० हजार मुलं तपासून केलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तो १३.१ टक्क्यांना आढळला. एका पिढीच्या आत जनुकं बदलत नाहीत, दिनक्रम बदलतो. सिडनी आणि सिंगापूरमधल्या चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. सिडनीत ३.३ टक्के मुलांना नंबर, सिंगापुरात २९.१ टक्क्यांना. दोन्हीकडच्या पालकांतलं नंबरचं प्रमाण जवळपास सारखं. पुस्तकं तर सिडनीची मुलं जास्त वाचत होती. मोठा फरक होता उघड्यावर घालवलेल्या वेळाचा. सिडनीत आठवड्याला पावणेचौदा तास, सिंगापुरात जेमतेम तीन.

त्यानंतर चीनमधल्या ग्वांगचौ शहरातल्या काही शाळांत पहिलीच्या वर्गांना रोज ४० मिनिटं जादा मैदानाचा तास देऊन पाहिला. तीन वर्षांत नव्याने नंबर लागलेली मुलं त्या शाळांत ३०.४ टक्के, इतर शाळांत ३९.५ टक्के. आणि करोनाच्या टाळेबंदीनंतर शानतुंग प्रांतातल्या फेइचेंगमध्ये सहा वर्षांच्या मुलांतलं प्रमाण २१.५ टक्क्यांवर गेलं. आधीच्या पाच वर्षांत ते कधीही ५.७ टक्क्यांच्या वर गेलं नव्हतं. आपल्याकडे त्या दोन वर्षांत शाळा कशी भरत होती ते सांगायला नको. सहा इंचांच्या पडद्यावर, कॉटवर, पडदे ओढून.

मोबाइललाच सगळा दोष देणं मला पटत नाही. मोबाइल यायच्या कितीतरी आधीपासून सिंगापूरची मुलं चष्मे लावत होती. जवळून सतत बघणं घातक आहे, मग हातात फोन असो वा शिष्यवृत्तीचं गाईड. पण त्याहून मोठी उणीव उजेडाची आहे. वर्गात किंवा हॉलमध्ये काहीशे लक्स प्रकाश असतो. बाहेर दिवसा दहा हजारांच्या पुढे, भर उन्हात लाखापर्यंत. झाडाच्या सावलीतही तो घरापेक्षा कित्येक पट जास्त असतो. त्या उजेडाने डोळ्यातल्या पडद्यात डोपामिन हे रसायन स्रवतं आणि डोळ्याच्या लांबण्याला लगाम बसतो, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून पुढे आलं आहे. तैवानने २०१० पासून मुलांना रोज दोन तास बाहेर काढण्याचा कार्यक्रम शाळांमधून राबवला आणि वर्षानुवर्षं चढत गेलेला आलेख तिथे खाली वळला. आमच्या सोसायटीचं पुनर्विकासात मैदान गेलं आणि तिथे दोन मजली पार्किंग आलं. शाळेतला खेळाचा तास परीक्षा जवळ आली की गणिताला दिला जातो. सुटल्यावर क्लास, क्लास सुटतो तोवर अंधार. आपल्या मुलांच्या वाट्याला उजेड किती येतो, हे शाळेच्या पालकसभेत फी इतक्याच तावातावाने विचारायला हवं. सावलीत खेळलं तरी चालतं. सूर्याकडे बघायचं नाही, एवढंच पथ्य.

चष्म्याबद्दलचे गैरसमज मात्र चिवट आहेत. 'आत्तापासून लावला तर नंबर वाढेल' हा पहिला. नंबर डोळा वाढतो म्हणून वाढतो, काचेमुळे नाही. 'थोडा कमी नंबरचा द्या' हा दुसरा. मलेशियातल्या चाचणीत २००२ मध्ये उलटंच दिसलं. कमी नंबरचे चष्मे घातलेल्या मुलांचा नंबर अधिक वेगाने वाढला. गाजर चांगलंच, पण ते 'अ' जीवनसत्त्वासाठी. लांबलेला डोळा त्याने आखूड होत नाही. आणि मुलींच्या बाबतीत तर 'पुढे लग्नाला अडेल' हे अजून बोललं जातं, अगदी शिकल्यासवरल्या घरांत. त्यासाठी पोरीला शाळेची दहा वर्षं धुक्यात बसवायची?

नंबर वाढण्याचा वेग कमी करण्याचे उपाय आता आहेत. कमी मात्रेचे ॲट्रोपिनचे थेंब, मुलांसाठी खास बनवलेल्या काचा, रात्री घालायच्या लेन्स. हाँगकाँगमध्ये झालेल्या चाचण्यांत थेंबांनी आणि त्या काचांनी वाढ बरीच मंदावलेली दिसली. कुणाला काय द्यायचं ते नेत्रतज्ज्ञच ठरवतील. उणे सहाच्या पुढे गेलेल्या डोळ्यात पडदा ताणून पातळ होतो, तो सुटण्याचा, काचबिंदूचा, मध्यबिंदूवरचा भाग झिजण्याचा धोका पुढच्या आयुष्यात वाढतो. नंबर जितक्या लहान वयात लागतो तितका त्याला पुढे वर चढायला जास्त वेळ मिळतो. म्हणून आठव्या वर्षीऐवजी सहाव्या वर्षी कळणं याला मोल आहे. आमची ती दोन वर्षं गेली.

लेक आता अकरा वर्षांची आहे. चष्म्याला मागून रबरी पट्टा लावून ती संध्याकाळी पलीकडच्या शाळेच्या पटांगणावर खो-खो खेळायला जाते. दर सहा महिन्यांनी नंबर तपासतो. मागच्या खेपेला पावाने वाढला, त्याआधी स्थिर होता.

गेल्या रविवारी तिनेच टूम काढली. भिंतीवरच्या कॅलेंडरपासून दहा फूट मोजून तिने फरशीवर खडूची रेघ मारली आणि पाच वर्षांच्या धाकट्या भावाला तिथे उभं केलं. त्याला आकडे येतात. स्टीलची वाटी उजव्या डोळ्यावर धरून त्याने तिथीजवळचे बारीक आकडेसुद्धा घडाघडा वाचले. टाळ्या झाल्या. मग तिने वाटी डाव्या डोळ्यावर धरायला सांगितली. त्याने मोठी लाल तारीख वाचली, बारीक आकड्यांपाशी थांबला, मान थोडी कलती केली.

आणि मग रेघेवरून एक पाऊल पुढे आला.

लेकीने माझ्याकडे पाहिलं. शनिवारी सकाळी साडेदहाची वेळ मिळाली आहे, थेंब घालणार आहेत. धाकट्याला सांगून ठेवलंय, त्या दिवशी गृहपाठ नाही.